टाकाऊतून टिकाऊ – पण कुणाच्या वेळात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या बालवाडी सेविकांसाठी एक दिवसाचे शिबिर झाले. विषय होता, घरच्या घरी शैक्षणिक साधने. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी पिशवीतून एक फ्लॅनेल बोर्ड काढला. काळ्या कापडावर त्यांनी एक झाड टेकवले, झाडावर चिमणी, खाली घर. टाचणी नाही, डिंक नाही, तरी चित्र जागच्या जागी. पुन्हा काढले, दुसरीकडे लावले. "बघा, एक पैसा खर्च नाही. टाकाऊतून टिकाऊ!" बाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या. त्यात माझ्या टाळ्या सगळ्यात जोरात होत्या.

मग मागच्या रांगेतून आमच्या एक ज्येष्ठ सेविका उठल्या. वस्तीत सगळ्या त्यांना अक्का म्हणतात. त्या म्हणाल्या, "बोर्ड लई छान आहे बाई. पण हा करायचा कधी?"

"अहो, रात्री टीव्ही बघता बघता होतो की!" बाई हसून म्हणाल्या. सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या आणि खाली बसल्या.

अक्कांच्या घरी टीव्ही आहे. पण तो बघत बसलेल्या अक्का मी गेल्या आठ वर्षांत पाहिलेल्या नाहीत. सकाळी साडेनऊ ते दीड बालवाडी, त्यानंतर दोन घरची धुणीभांडी, संध्याकाळी पाण्याची वेळ, मग स्वयंपाक. हे मला माहीत होते. तरीही मी टाळ्या वाजवल्या. हा लेख त्या टाळ्यांबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी फ्लॅनेल बोर्डाच्या विरोधात नाही. वस्तीतल्या बालवाडीला इतके उपयोगी पडणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही. बालवाडी म्हणजे आमच्याकडे दहा बाय बाराची खोली, त्यात पंचवीस मुले, आणि भिंतीला एक फळा, ज्यापर्यंत मुलांचा हात पोचत नाही. तक्ते असतात, पण तक्ता म्हणजे बाईंनी दाखवायचा आणि मुलांनी एका सुरात म्हणायचा. फ्लॅनेल बोर्डावर मूल स्वतःच्या हाताने काहीतरी हलवते. चुकले तर पुसावे लागत नाही, उचलून दुसरीकडे ठेवता येते. आमच्या वस्तीत घरी गोरमाटी बोलणारी बरीच मुले आहेत. पहिले दोन-तीन महिने ती तोंड उघडत नाहीत, आणि सेविकेला वाटते मूल 'मंद' आहे. असाच एक मुलगा बोर्डासमोर बसला आणि त्याने एक शब्दही न बोलता पाच शेळ्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावल्या. सहाव्या शेळीला जागा नव्हती म्हणून सगळ्या उचलून पुन्हा लावल्या. त्या दिवसापासून त्याला कुणी मंद म्हटले नाही.

म्हणून बोर्ड करावाच. आम्ही सात बोर्ड केले. त्यात ज्या चुका झाल्या त्या इथे सांगते, म्हणजे इतर गटांचा वेळ तरी वाचेल.

सारी गंमत कापडावरच्या लवेची आहे. लव लवेत अडकते म्हणून चित्र राहते. साधे सुती कापड, साटीन, रेक्झिन यांवर काही टिकत नाही. फ्लॅनेल चांगले, जुने लोकरी ब्लँकेटही चालते. खेड्यापाड्यांत विस्तार कार्यकर्ते पूर्वी जाडीभरडी खादी वापरत, त्याला खादीग्राफ म्हणत. अक्कांनी गावाकडची जुनी घोंगडी आणली. तिच्यावर जाड पुठ्ठ्याची चित्रेसुद्धा घट्ट राहिली, पण घोंगडी चावते. मुले अंग खाजवायला लागली, आणि पावसात तिला वासही आला. शेवटी ती बाजूला ठेवली.

पाठीला खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, पण दोन थर एकमेकांना आडवे चिकटवावेत. एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे बोर्ड वाकत नाही. कापड ताणून, पुस्तकाला कव्हर घालतो तसे मागे दुमडायचे आणि डिंक फक्त मागच्या बाजूला लावायचा. पुढून डिंक लागला की तिथली लव बसते आणि तो भाग कायमचा वाया जातो. रंग गडद असावा, म्हणजे चित्र उठून दिसते आणि मळ दिसत नाही. साधारण दोन फूट बाय तीन फूट पुरे. तो जमिनीवर ठेवून भिंतीला किंचित मागे रेलून टेकवायचा. अगदी उभा धरला तर चित्रे घसरतात, आणि पंखा लावला तर उडतात. उन्हाळ्यात आमच्याकडे यावरून रोज वाद होतो. लव बसली तर जुन्या टूथब्रशने वर काढता येते.

चित्रांसाठी फेल्ट सर्वांत चांगले, कारण कापल्यावर त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, काठ दुमडून शिवावा लागत नाही. ते महाग वाटले तर जुन्या कॅलेंडरची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून पाठीमागे पॉलिश पेपरचा तुकडा लावायचा, खरबरीत बाजू बाहेर ठेवून. हे तुकडे आम्ही आधी पिठाच्या खळीने चिकटवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडले तर हत्तीचे दोन्ही कान आणि पोस्टमनचे पाय उंदरांनी खाल्लेले होते. तेव्हापासून फेव्हिकॉल. आणि एक महत्त्वाचे, बालवाडीत धाकटी भावंडेही येऊन बसतात. त्यामुळे कोणताही तुकडा मुलाच्या मुठीपेक्षा लहान नको, आणि डोळ्यांना गुंड्या-मणी लावण्याची हौस तर अजिबात नको.

आता चित्रांविषयी. बाजारात फ्लॅनेल बोर्डासाठी आणि तक्त्यांसाठी 'माझे कुटुंब', 'आपले मदतनीस' असे तयार संच मिळतात. ते कसे असतात ते वाचकांना सांगायला नको. आई ओट्याशी, बाबा वर्तमानपत्राशी, आजी जपमाळेशी. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, ड्रायव्हर पुरुष. नर्स आणि शिक्षिका बाया. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडत आहेत असे चित्र दिले. ते चांगलेच झाले, पण तोवर मूल सात वर्षांचे झालेले असते. भाजी कोण निवडते हे त्याला तिसऱ्या वर्षीच कळलेले असते.

म्हणून आम्ही ठरवले, चित्रे आपणच काढायची. आणि काय केले? आईच्या हातात लाटणे दिले, बाबांच्या खांद्याला पिशवी. स्त्रीमुक्तीवर चार-चार शिबिरे केलेल्या आम्ही! हात आपोआप तसेच चालले. कुणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात आणून दिले ते अक्कांनी, तेही वेगळ्याच कारणाने. आईचे लाटणे धरलेला हात मुलांनी ओढून तोडला. तो चिकटवायचा कंटाळा आला म्हणून अक्का म्हणाल्या, "लाटणं वेगळंच कापू या की. ज्याला पाहिजे त्याच्या हातात द्या."

मला वाटते, आमच्या सात बोर्डांतली सर्वांत मोलाची युक्ती हीच. माणूस वेगळा कापायचा आणि काम वेगळे कापायचे. आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा यांचे हात रिकामे. झाडू, हंडा, लाटणे, पिशवी, पुस्तक, बाळ, सायकल, कुदळ, सगळे सुटे. मग 'आमच्या घरची सकाळ' हा खेळ. कुणाच्या हातात काय, ते मुलांनी लावायचे.

पहिल्या दिवशी मुलांनी अर्थातच झाडू आणि हंडा आईकडे दिला, बाळ ताईकडे. सेविकेने काही न बोलता झाडू उचलून बाबांच्या हातात दिला. मुले खदखदून हसली. हसणे ओसरल्यावर एक चार वर्षांचा मुलगा म्हणाला, "माझे बाबा झाडतात. पण दार लावून."

त्या एका वाक्यावर आम्ही पालकसभेत तासभर बोललो. अर्थात मुलाचे नाव न घेता. बाप घरात झाडतो, पण शेजाऱ्यांनी पाहता कामा नये. त्या सभेला आलेल्या आठ-दहा पुरुषांपैकी तिघे हसत हसत म्हणाले, "आमचंबी तसंच हाय." एवढे बोलणे काढायला एरवी मला सहा महिने गृहभेटी कराव्या लागल्या असत्या.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, विशेषतः कौटुंबिक हिंसेवर काम करणाऱ्या मैत्रिणींना. बोर्ड हा खेळ आहे, तपास नव्हे. एक मुलगी रोज बाबांचे चित्र उचलून सतरंजीखाली ठेवायची. एका तरुण सेविकेने तिला सगळ्यांसमोर विचारले, "का गं, मारतात का?" मुलगी गप्प झाली आणि दोन दिवस बोर्डाजवळ आली नाही. पुढे तिच्याच बोलण्यातून कळले की बाबा ट्रकवर आहेत, आठ-आठ दिवस घरी नसतात, आणि सतरंजीखाली मुंबईचा रस्ता आहे. मारहाण होणारी मुले आमच्या बालवाडीत नाहीत असे मी म्हणत नाही. पण ती कळण्याचे मार्ग वेगळे, आणि कळल्यावर करायच्या गोष्टीही वेगळ्या. खेळात मुलाने जे लावले त्यावरून घरच्यांवर शिक्का मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर आता मूळ प्रश्नाकडे येते.

शिबिरानंतर मी अक्कांना विनंती केली की पहिला बोर्ड करताना लागलेला वेळ आणि पैसा लिहून ठेवा. त्यांनी हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. फ्लॅनेल 180 रुपये, फेल्टचे दहा कागद 200, पॉलिश पेपर 30, फेव्हिकॉल 50. एकूण 460 रुपये. टाकाऊ म्हणावा असा फक्त पुठ्ठा होता. वेळ: बोर्ड मढवणे दोन तास, चित्रे आखणे तीन तास, कापणे चार तास, पाठी लावणे आणि ठेवायला कप्प्यांची पिशवी शिवणे दोन तास. एकूण अकरा तास, पाच रात्री.

आणि खाली एक ओळ: 'नातीने कापायला मदत केली.'

नात पाचवीत आहे. तिला विचारले तेव्हा कळले की तीन रात्री ती अक्कांबरोबर साडेदहापर्यंत कापत बसली होती. गृहपाठ राहिला म्हणून शाळेत बोलणी खाल्ली. तिचा भाऊ सातवीत आहे. तो काय करत होता? "तो टीव्ही बघत होता," नात म्हणाली.

म्हणजे बाबांच्या हातात झाडू देणारा आमचा पुरोगामी बोर्ड बनला तो आजीच्या झोपेतून आणि नातीच्या अभ्यासातून. मुलाने बोट उचलले नाही, आणि ते कुणाला खटकलेही नाही, कारण शिवणटिपण, कातरकाम हे 'बायकांना आवडतेच'. ते आवडते हे खरे आहे. अक्कांनी केलेली कोंबडी अशी देखणी आहे की ती मला माझ्या घरी लावावीशी वाटते. पण एखादे काम आवडते म्हणून ते काम राहत नाही, असा नियम फक्त बायकांच्याच कामाला का?

स्थानिक वस्तूंतून साधने करण्याची कल्पना आपल्याकडे कमी दर्जाची तडजोड म्हणून आलेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी माँटेसरी पद्धत आपल्याकडे रुजवताना महागड्या परदेशी साधनांना पर्याय शोधले. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला गेलेल्या कामात ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बिया, पाने, शिंपले, माती हेच शिक्षणाचे साहित्य मानले. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. मुलाला आपल्या परिसरातल्या वस्तूंची लाज वाटू नये, उलट त्याच वस्तूंतून त्याने शिकावे, हा त्यामागचा विचार. तो शिक्षणाचा विचार होता. खर्च वाचवण्याची युक्ती तो नंतर झाला, आणि तो करणाऱ्यांत आपणही आहोत.

सरकारचे उदाहरण तर समोरच आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. अंगणवाडी सेविका त्या दिवसापासून 'मानसेवी', तिला पगार नाही, मानधन. केंद्राने ठरवलेले मानधन 2018 मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार झाले, त्यात राज्य आपली भर घालते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच मानले. तरी महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा संपावर जावे लागले. त्याच 2023 मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' जाहीर केले. आता अंगणवाडीत खेळातून शिक्षण द्यायचे आहे. उत्तम. तीन ते सहा वयाच्या मुलांचे शिक्षण हे खरे शिक्षण आहे, असे आपण किती वर्षे म्हणतो आहोत! पण खेळातल्या शिक्षणाला साधने लागतात, आणि साधने करायला वेळ लागतो. वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवर माहिती भरणे, आहारवाटप आणि गृहभेटी यांतून तो वेळ कुठे काढायचा? म्हणजे पुन्हा रात्री, पुन्हा टीव्ही बघता बघता.

सरकारवर बोट दाखवणे सोपे आहे. आता आमचे सांगते. आमच्या बालवाडी प्रकल्पाचा प्रस्ताव मी लिहिला. त्यात 'शैक्षणिक साधने' या शीर्षकापुढे मी लिहिले होते: 'स्थानिक साधनांतून, सेविकांच्या सहभागाने, विनाखर्च'. हे वाक्य लिहिताना मला अभिमान वाटला होता, हे कबूल करते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात 'लोकसहभाग' हा शब्द आम्ही इतका घोकला की सहभाग कुणाचा, किती तासांचा आणि कुणाच्या पदरचा, हे विचारायचे राहूनच गेले. घरकामाचे मोल मागणाऱ्या मोर्चात मी फलक धरून चालले आहे. त्याच मी, त्याच वर्षी, अक्कांच्या पाच रात्री 'विनाखर्च' या शब्दात बसवल्या.

काही मैत्रिणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, प्रत्येक गोष्ट पैशात मोजायला लागलो तर चळवळीतला जिव्हाळा संपेल, सेविका नोकरदार होतील. दुसऱ्या म्हणतात, एवढीच अडचण असेल तर तयार संच विकत घ्या. पहिल्या आक्षेपाला माझे म्हणणे असे, की मला महिन्याचा पगार मिळतो आणि त्याने माझा जिव्हाळा कमी झालेला नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. विकतचा संच खरोखरच अकरा तास वाचवतो. पण त्यातल्या आईच्या हातातले लाटणे निघत नाही, त्यात गोरमाटी घरातल्या शेळ्या नसतात, आणि ट्रकवर गेलेले बाबाही नसतात. म्हणून बोर्ड हाताने करावा, असेच मी म्हणते. फक्त तो दिवसा करावा, कामाच्या वेळेत करावा, आणि त्याचे पैसे द्यावेत.

आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. महिन्यातला एक शनिवार मुलांना सुट्टी आणि सेविकांना साधननिर्मितीचा दिवस, भरपगारी. साहित्याची बिले संस्थेच्या खात्यातून. सात बोर्डांचे मागचे पैसे सेविकांना परत केले. आणि त्या शनिवारी वस्तीतल्या बापांनाही बोलावतो. पहिल्या वेळी एकच आला, तोही कात्री धरून अवघडून बसला. पुढच्या वेळी तो दोघांना घेऊन आला. त्यांतला एक शिंपी आहे. कापड ताणून मढवण्याची त्याची रीत आमच्यापेक्षा कितीतरी सरस निघाली, त्यामुळे आता सेविका त्याच्याकडून शिकत आहेत. अक्कांचा नातूही एकदा येऊन बसला. त्याने विमान कापले. ते कशालाच लागत नव्हते, पण ठेवले.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. मागच्या अकरा तासांचे काय? साहित्याचे पैसे परत केले, रात्रींचे नाही. गेल्या बैठकीत यावर बराच वाद झाला. कुणी म्हणाले शिवणकामाच्या दराने द्या, कुणी म्हणाले शिक्षिकेच्या. अक्का म्हणाल्या, "नातीच्या तीन रात्री कुठल्या दरानं धरणार?" त्यावर कुणालाच काही सुचले नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. ज्या गटांनी अशा कामाचा दर ठरवला असेल त्यांनी तो कसा ठरवला, कुठल्या शीर्षकाखाली दाखवला आणि देणगीदारांनी काय म्हटले, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. आमची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे.